वाट विचारणाऱ्याला आपण काय सांगतो?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. भाताच्या लावणीची गडबड चाललेली होती. आमच्या शेजारच्या गावात चिखलात वाकून रोप लावणाऱ्या एका बाईच्या पायाला साप डसला. माणसांनी पाय बांधला नाही, हे बरे केले. शाळेतून सांगून सांगून तेवढे तरी लोकांना कळले आहे. फोन करून रुग्णवाहिका बोलावली. गाडी निघाली. चालक लांबच्या जिल्ह्यातून नव्यानेच बदलून आलेला, कन्नडशिवाय दुसरी भाषा न येणारा. महामार्ग सोडायच्या आधी त्याने फोन करून विचारले, "याव क्रॉस्री?" म्हणजे कोणत्या क्रॉसला वळू?

फोन त्या बाईच्या पुतण्याच्या हातात होता. पोरगा नववीत शिकतो, हुशार आहे, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत चांगले गुण मिळवतो. पण तो गांगरला. "लोकेशन पाठवतो," एवढेच त्याला सुचले. त्याने पाठवलेले ठिकाण अगदी बरोबर होते. बाई ज्या बांधावर बसली होती तोच बांध. पण फोनमधल्या नकाशाने गाडी जवळच्या वाटेने नेली, आणि जवळची वाट म्हणजे ओढ्याच्या पलीकडची पाणंद. उन्हाळ्यात तिथून बैलगाडी पार होते. जुलैत तिथे कमरेएवढे पाणी असते, हे नकाशाला कोण सांगणार? गाडी ओढ्याच्या काठावर येऊन उभी राहिली. पाणंद अरुंद, वळवायला जागा नाही. अलीकडे माणसे, पलीकडे गाडी, दोघे एकमेकांना दिसताहेत आणि मध्ये पाणी.

शेवटी त्या मुलाच्या आजीने फोन ओढून घेतला. "दे इकडं, मी सांगतो," म्हणाली. (आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका 'मी सांगते' म्हणत नाहीत, हे वाचकांना ठाऊक आहेच.) आजींनी शाळेचे तोंड पाहिलेले नाही. पण तीस वर्षे बाजाराला भाजी नेऊन विकलेली. तिने चालकाला तिच्या कन्नडात सांगितले, "हिंद होग्री, हळ्ळ दाटब्याड्री, गुडी हत्तर बलक्क होरळ्री." मागे जा, ओढा ओलांडू नका, देवळाजवळ उजवीकडे वळा. मग देऊळ कसे ओळखायचे, तिथून पुढे कोणती विहीर लागते, विहिरीपासून कोणत्या अंगाची वाट धरायची, आणि मोठी दिसते ती वाट धरायची नाही कारण ती विटांच्या भट्टीला जाते, हे सगळे तिने एका दमात सांगितले. चालकाने मुकाट्याने गाडी मागे घेत घेत नेली आणि पाऊण तासाने ती अलीकडच्या काठाला पोहोचली. बाई वाचली. पुढे दोन दिवसांनी ती चालत घरी आली म्हणून ही गोष्ट आम्ही हसत सांगू शकतो.

पण त्या पाऊण तासाने आम्हाला बरेच दिवस झोप दिली नाही. आम्ही शिक्षक. त्यात गावच्या शाळा समितीवर आणि भाषेच्या प्रश्नावर काम करणाऱ्या समितीवरही. फलक मराठीत हवेत म्हणून निवेदने लिहिण्यात आमची निम्मी हयात गेली. आणि आमच्याच हाताखाली शिकलेल्या पोराला, स्वतःच्या गावाला कसे यायचे, ते तीन भाषांपैकी एकीतही सांगता आले नाही.

वाट सांगणे ही साधी गोष्ट वाटते. पण माणसाची भाषा कुठली, प्रांत कुठला, आणि त्याच्या मनात त्याचा गाव कसा बसलेला आहे, हे जितके वाट सांगताना कळते तितके दुसऱ्या कशानेही कळत नाही. साधा 'क्रॉस' हाच शब्द घ्या. मोठ्या रस्त्याला गावाचा रस्ता जिथे फुटतो त्या जागेला कर्नाटकात क्रॉस म्हणतात. आपल्या तालुक्यातली मराठी माणसेही आता बसमध्ये बसल्यावर क्रॉसचेच तिकीट मागतात. हीच जागा महाराष्ट्रात गेली की 'फाटा' होते. वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघा. बाचीपर्यंत क्रॉस, आणि शिनोळीला राज्य बदलले की फाटा. माती तीच, ऊस तोच, सोयरीक तीच, रस्ता फुटतो तोही तसाच, पण शब्द बदलतो. तोच रस्ता आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीकडे गेला की फाट्याचा 'तिठा' होतो. निपाणी भागात मात्र अजून कोगनोळी फाटाच ऐकू येतो. तिथल्या लोकांनी हा शब्द सोडलेला नाही, हे त्यांचे कौतुक केले पाहिजे.

चौकाचेही तसेच. पुण्याकडे चौक, आपल्याकडे सरकारी भाषेत प्रत्येक चौक 'सर्कल', मग तिथे गोल काही असो वा नसो. इंदुरात 'चौराहा', हैदराबादेत 'चौरस्ता', बडोद्याला 'चार रस्ता'. तिकडे पाच-सहा पिढ्या राहिलेली मराठी घरे हेच शब्द वापरतात आणि त्यांना त्यात काही परके वाटत नाही. आपल्या बेळगावात मात्र एक शब्द असा आहे की तो बाहेरच्या मराठी माणसाला ऐकून ठाऊक नसतो. तो म्हणजे 'खूट'. शनिवार खूट म्हटले की बेळगावकराच्या डोळ्यांपुढे जागा उभी राहते, आणि पुण्याचा पाहुणा 'तिथे कसला खुंट आहे?' म्हणून विचारतो. तसाच 'चव्हाटा'. प्रमाण मराठीत तो म्हणीपुरता उरला. भांडण चव्हाट्यावर आले एवढाच त्याचा उपयोग. आपल्या गावांत आणि खाली कोकणात चव्हाटा ही खरी जागा आहे, तिथे नारळ फुटतो, गाऱ्हाणे घातले जाते, आणि "चव्हाट्याकडनं डाव्या हाताला" अशी वाटही सांगितली जाते.

पाहुण्यावरून आठवले. एकदा पुण्याचे एक शिक्षक आमच्याकडे मोटारसायकलवरून आले. वाटेत त्यांना ज्याने त्याने "सरळ जावा, सरळ जावा" म्हणून सांगितले. घरी पोहोचल्यावर म्हणाले, "तुमच्याकडे सगळ्यांना माझी गाडी 'जावा' आहे असं का वाटतं?" आपल्याकडचा आदरार्थी 'जावा' त्यांच्या कानाला मोटारसायकलीचे नाव वाटला. कन्नडमधला 'होग्री' आणि आपला 'जावा' यांची जात एक आहे. अनोळखी माणसाला नुसते 'जा' म्हणायचे नाही, ही रीत दोन्हीकडची.

डावे-उजवे तर याहून गमतीचे. आम्ही काही वर्षांपूर्वी एका लग्नासाठी ग्वाल्हेरला गेलो होतो. स्टेशनवरून गाडी ठरवली. आमच्याबरोबर इथला एक तरुण नातलग होता, गाडी तोच चालवत होता. लष्कर भागात एका माणसाला पत्ता विचारला तर तो म्हणाला, पुढे गेल्यावर सीधे हाथ को मुड़ जाना. आमच्या पोराने 'सीधे' ऐकले आणि सरळ गेला. दोनदा विचारले, दोनदा सरळ गेला. तिसऱ्या वेळी एका म्हाताऱ्या मराठी गृहस्थांनी आमची बोली ऐकून खुलासा केला की या भागात सीधा हात म्हणजे उजवा आणि उलटा हात म्हणजे डावा. आपल्याकडे 'सीदा' म्हणजे नाकासमोर. मराठीत, कन्नडात, कोकणीत या शब्दाचा अर्थ एकच, म्हणून सीमाभागात तो सगळ्यांच्या उपयोगाचा. त्याच शब्दाने ग्वाल्हेरला आम्हाला दोन फेऱ्या मारायला लावल्या.

आमच्या लहानपणी उजवा हात ओळखायला शिकवत ते 'जेवायचा हात' म्हणून. गुजरातीत उजव्या बाजूला 'जमणी' म्हणतात आणि जेवणाला 'जमण'. बडोद्याचे आमचे एक स्नेही म्हणतात की त्यांना आजवर डावे-उजवे कधी चुकले नाही, याचे श्रेय गुजराती भाषेला.

पण खरे सांगायचे तर खेड्यात डावे-उजवे फार कमी चालते. डावे-उजवे हे चालणाऱ्याच्या अंगावरून ठरते. तो फिरला की तेही फिरते. शेतकऱ्याला न फिरणारी खूण लागते. म्हणून तो 'उगवतीला' आणि 'मावळतीला' म्हणतो. "देवळाच्या उगवतीला आमचं घर," "मावळतीकडच्या वाटेनं जावा." हे पुस्तकातले पूर्व-पश्चिम नव्हे. त्यात सूर्य रोज डोळ्यांनी पाहिलेला असतो. आणि कन्नड शेतकरीही हेच करतो. जुन्या कन्नडात पूर्वेला 'मूडण' आणि पश्चिमेला 'पडुवण'. 'मूडु' म्हणजे उगवणे, वर येणे. 'पडु' म्हणजे मावळणे, आडवे होणे. दोन्ही भाषांच्या शेतकऱ्यांनी दिशा ठरवली ती एकाच सूर्यावरून आणि एकाच रीतीने. भाषेच्या नावाने आपल्याला एकमेकांविरुद्ध उभे करणाऱ्यांनी ही गोष्ट कधीतरी ऐकून घ्यावी. आमचा झगडा शेजारच्या कन्नड माणसाशी कधी नव्हता. त्याच्या दारात वाट विचारली तर तो हातातले काम टाकून कोपऱ्यापर्यंत सोडायला येतो, हा आमचा आयुष्यभराचा अनुभव आहे.

कोकणात आणि गोव्यात उगवत-मावळत यांच्याहून 'वर' आणि 'खाली' जास्त चालते. साहजिक आहे, तिथली जमीनच तशी. सह्याद्रीच्या अंगाला ते वर, समुद्राच्या अंगाला ते खाली. गोव्यात त्याचे 'वयर' आणि 'सकयल' होते. घराच्या खुणाही वेगळ्या. आपल्याकडे मारुतीचे देऊळ, पार, तालीम, दूध डेअरी. तिकडे खुरीस, पिंपळ, व्हाळावरचा साकव. चोर्ल्याच्या रस्त्याने गोव्याला जाताना जांबोटीपर्यंत वाट विचारली तर देऊळ आणि क्रॉस सांगतात, कणकुंबी सोडून घाट उतरला की त्याच प्रश्नाला उत्तर येते ते देवळी, खुरीस, वर आणि खाली या शब्दांत. मधल्या जंगलात फोनला रेंज नसते, तेव्हा तिथे माणसालाच विचारावे लागते. त्यामुळे त्या रस्त्यावर अजून वाट सांगणारी माणसे शिल्लक आहेत.

चंदगडकडे गेला तर "खट्टे जातास?" म्हणून आधी तुम्हालाच विचारतील. कुठे जायचे ते कळल्याशिवाय वाट सांगायची नाही, हा तिथला नियम. आणि ते खरेच आहे. कोणाच्या घरी जायचे ते कळले की वाट बदलते: लग्नाला निघालेल्याला गावातून नेतात, दवाखान्यात निघालेल्याला बाहेरून. मग "हे काय, तट्टे" म्हणून हात करतात. त्या 'हे काय'चे अंतर मात्र कोणी मोजू नये. ते हाकेच्या अंतरावरही असते आणि दोन कोसांवरही. मुंबईच्या माणसाला विचारा, तो अंतर सांगतच नाही, मिनिटे सांगतो. आणि आधी विचारतो, 'ईस्ट की वेस्ट?' त्याचा उगवत-मावळतीशी काही संबंध नाही, रेल्वेच्या रुळाची कोणती बाजू एवढेच त्याला म्हणायचे असते.

वाट सांगताना माणूस अशा जागाही सांगतो की ज्या आता नाहीत. बेळगावात बोगारवेस आहे, गोवावेस आहे. वेस कुठेही उभी नाही. टिळकवाडीची रेल्वे गेटे घ्या. कुठे पूल झाले, कुठे रस्त्याचे रूप पालटले, पण पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट हीच वाट. पुणे-बंगळूर महामार्गाला ४ ऐवजी ४८ हा क्रमांक २०१० साली मिळाला. रस्त्यावरची ढाब्यावाली माणसे अजून 'एन एच फोर'च म्हणतात. आमच्या गावात एका वळणाला 'चिंचेकडे' म्हणतात. चिंच आमच्या वडिलांच्या लहानपणी पडली. तिथे वाढलेल्या माणसाला हे कळते, आणि बाहेरून आलेला चिंच शोधत पुढे निघून जातो. ही वाट सांगण्यातली चूक म्हणायची की आठवण म्हणायची, यावर आमच्या शाळेच्या खोलीत एकदा मधल्या सुट्टीभर वाद झाला. आम्ही आठवणीच्या बाजूने होतो. त्या सर्पदंशानंतर आमचे मत थोडे डळमळले आहे.

आता फलकांकडे येऊ, कारण वाट सांगायचे निम्मे काम फलक करतो. सीमाभागात फलक हा जखमेवरचा विषय आहे. २०१४ साली येळ्ळूरच्या फलकावरून काय झाले ते इथल्या कोणालाही सांगायला नको. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले. आमच्या घरी, बाजारात, पत्रिकेवर बेळगाव ते बेळगावच राहिले. नावावरून काय म्हणायचे ते समितीच्या व्यासपीठावर आम्ही अनेकदा म्हटले आहे. इथे मुद्दा वेगळा आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ पासून जी सुरक्षा योजना मान्य झाली, तीत जिल्ह्यात किंवा तालुक्यासारख्या लहान भागात लोकसंख्येच्या १५ टक्के किंवा अधिक लोकांची जी भाषा असेल, तिच्यातही महत्त्वाच्या सरकारी सूचना द्याव्यात असे म्हटलेले आहे. घटनेच्या ३५०ब कलमाने या गोष्टींवर नजर ठेवायला आयुक्तही नेमलेला आहे. गावाला कोणती वाट जाते, पुलावर पाणी असताना जाऊ नये, पुढे वळण धोक्याचे आहे, याहून महत्त्वाची सूचना दुसरी कोणती? पावसाळ्यात पुलाजवळ लावलेला इशारा ज्याला वाचता येत नाही, त्याच्या जिवाला धोका आहे. मग तो मराठी असो, की आमच्या शेतावर लावणीला आलेला बाहेरचा मजूर.

महामार्गावर कुठे कुठे देवनागरी दिसते, ती हिंदी. त्यात 'ळ' नसतो. बेळगावी लिहायचे तर 'बेलगावी' लिहितात, आणि इंग्रजीत तर ल आणि ळ यांत फरकच राहत नाही. मराठीत ळ आहे, कन्नडात ळ आहे, कोकणीत आहे. येळ्ळूरचे दोन्ही ळ कन्नड फलकावर शाबूत असतात. म्हणजे ज्या भाषेशी आमचे भांडण लावले जाते तिने आमच्या गावाचे नाव नीट सांभाळले, आणि ज्या इंग्रजीला आम्ही डोक्यावर घेतो तिने ते बिघडवले. बाहेरचा चालक इंग्रजी पाटी वाचून 'येलूर' विचारतो आणि म्हातारी माणसे 'ते कुठं आलं?' म्हणून त्याला परत पाठवतात. हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

दुकानांच्या पाट्यांचे सांगतो. कर्नाटकाने २०२४ साली कायदा दुरुस्त करून दुकाने व आस्थापनांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड सक्तीची केली. आमच्याकडे त्यावर सभा झाल्या, आम्हीही बोललो. पण उरलेल्या चाळीस टक्क्यांत काय लिहायचे ते कायदा ठरवत नाही. तिथे आपली मराठी दुकानदार मंडळी काय लिहितात? एकदा आपल्या गावच्या चव्हाट्यापासून बसथांब्यापर्यंत चालत जाऊन पाहा. 'मेडिकल', 'मोबाईल शॉपी', 'टेलर', तेही इंग्रजी लिपीत. ज्या जागेवर मराठी लिहायला कोणाचीही बंदी नाही ती जागा आपण स्वखुशीने इंग्रजीला देऊन टाकली, आणि मग निवेदन लिहायला बसलो. कडू वाटेल, पण आमच्या समितीतल्या तिघा सभासदांच्या दुकानांवर हीच स्थिती आहे. त्यांना आम्ही हे तोंडावर सांगितले आहे, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

आणि शाळा? शिक्षणशास्त्राच्या पदवीला आम्हाला 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र पाठ करायला लावले होते. मुलाला आधी घर, मग गल्ली, मग गाव, मग तालुका. वर्गात आल्यावर आम्ही पहिल्या दिवशीच भिंतीवर नकाशा टांगला आणि बोट ठेवले ते थेट हिमालयावर. 'पावसाळ्यातला एक दिवस' या विषयावर निबंध लिहून घेतला, पण 'बसथांब्यावरून तुझ्या घरी कसे यायचे ते अनोळखी माणसाला सांग' हे कधी तोंडी विचारले नाही. तो विचारला असता तर मुलाला क्रम लावावा लागला असता, खूण निवडावी लागली असती, ऐकणाऱ्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही याचा विचार करावा लागला असता. आजींनी नेमके हेच केले. विटांच्या भट्टीची वाट धरू नका, हे त्यांनी न विचारता सांगितले, कारण नवखा माणूस तिथे फसणार हे त्यांना कळले. भाषा येणे म्हणजे याहून वेगळे काय, ते आम्हाला तीस वर्षे शिकवून सांगता येणार नाही.

फोनमधल्या नकाशाला आमचा विरोध नाही. आम्हीही तो वापरतो, आणि शहरात त्याचा उपयोग होतो. पण तो 'दोनशे मीटरवर डावीकडे वळा' म्हणतो, त्यात गावाचे एकही नाव येत नाही. दहा वर्षे रोज त्या रस्त्याने गेलेल्या पोरालाही ओढ्याचे नाव माहीत नसते, माळाचे नसते, कोणत्या पट्टीला काय म्हणतात ते नसते. शिवारातली ही नावे कोणत्याही सरकारी फलकावर नाहीत, उताऱ्यावरही सगळी नाहीत. ती माणसांच्या तोंडी आहेत, आणि ती माणसे सत्तरीच्या पुढची आहेत. सीमाभाग मराठी आहे याचा पुरावा म्हणून आम्ही आयोगांपुढे जनगणनेचे आकडे मांडले, १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगापुढे मांडले, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा गेला तेव्हाही कागद गोळा केले. शिवारातल्या या नावांची वही मात्र कोणी केली नाही.

यंदा ती सुरू केली आहे. नववी-दहावीच्या मुलांना गल्ल्या वाटून दिल्या. प्रत्येकाने घरातल्या थोरल्या माणसाबरोबर शिवारात एक फेरी मारायची, नाव ऐकायचे, ते जसे बोलतात तसेच लिहायचे, आणि त्याच जागेला कन्नड घरे काय म्हणतात तेही शेजारी लिहायचे. दोनशे पानी वही भरत आली आहे. कितीतरी जागांची नावे दोन्ही भाषांत एकच निघाली, काहींची अगदी निराळी, आणि दोन-तीन जागांवरून दोन घरांत भांडण लागायची पाळी आली. ज्या मुलाने लोकेशन पाठवले होते तो आता प्रत्येक नावापुढे 'पावसाळ्यात गाडी जाते' किंवा 'जात नाही' असा शेरा लिहितो. हे त्याचे त्यालाच सुचले.

समितीने स्वतःच्या पैशाने एक फलक करायचे ठरवले आहे. महामार्गाच्या बाजूला परवानगी मिळणार नाही, म्हणून गावच्या हद्दीत, देवळाजवळ, ज्यांची जागा आहे त्यांनी ती दिली आहे. वर कन्नड, खाली मराठी, दोन्हीत सारखीच अक्षरे. गावात कसे यायचे, दवाखाना कोणत्या अंगाला, शाळा कुठे, आणि जून ते ऑक्टोबर पाणंदीने येऊ नये. काही सभासदांनी मराठी वर हवे म्हणून आग्रह धरला. त्या रात्री गाडीचा चालक कन्नड वाचणारा होता, एवढेच आम्ही म्हणालो, आणि विषय संपला.

मजकूर आजींना वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "भट्टीची वाट धरू नका, हे कुठं लिहिलंय?" ते राहिले होते. रंगाऱ्याला परत बोलावले आहे.